दुसरं बटण

उशीला गळा नसतो, ही अडचण पडदेबाईंच्या तिसऱ्या प्रयत्नात लक्षात आली. टायचं रुंद टोक बारीक टोकावरून घ्यायचं, मागून फिरवायचं, पुन्हा वरून आणायचं, इथपर्यंत सगळं दुकानातल्या मास्तरांनी दाखवलं तसं झालं. पण गाठ वर सरकवायला गेलं की उशी मधोमध आवळली जायची आणि दोन्ही बाजूंनी फुगायची. बाईंनी ती पलंगावर फेकली आणि खोलीभर नजर फिरवली. फ्रिजला मान नव्हती. खुर्चीची पाठ फार रुंद होती. कोपऱ्यातल्या उभ्या पंख्याला मात्र मान होती, चांगली लांबसडक, आणि वर डोकंही होतं. बाईंनी कपाटातून नवऱ्याचा जुना पांढरा शर्ट काढला, पंख्याच्या दांडीवर चढवला, कॉलर उभी केली आणि टाय टाकला.

“हलू नका हं,” त्या पंख्याला म्हणाल्या.

खिडकीजवळच्या खुर्चीत नवरा पेपर वाचत बसला होता. तो पेपर थरथरायला लागला. बाईंनी वळून पाहिलं, तर पेपरच्या कडेवरून दिसणारे दोन्ही डोळे मिटलेले आणि खांदे गदगदत असलेले. तो हसत होता. आवाज नव्हता, तो आता कधी येणारही नव्हता. पण हसणं खरं होतं, आणि या घरात ते फार दिवसांनी आलं होतं. बाईंच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी पंख्याची गाठ सोडली आणि मुद्दाम पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.

नवरा म्हणजे बसस्थानकावरचे अनाउन्सर. फलाट क्रमांक चारवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे, प्रवाशांनी आपापल्या जागी बसून घ्यावे, हे वाक्य त्यांनी अशा काही गोड दमदाटीने म्हणावं की बाकावर घोरणारा माणूससुद्धा उठून बरोबर आपल्या गाडीपाशी जाऊन उभा राही. घरातही ते तसेच बोलत. ‘जेवण झालंय का’ असं त्यांनी आतल्या खोलीतून विचारलं की शेजारचेही हात धुवायला उठत, अशी बाई थट्टा करायच्या. मग घशाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी माणूस वाचवला तो आवाज काढून घेऊन. गळ्याच्या खालच्या खळीत बटणाएवढं एक भोक राहिलं. श्वास आता नाकातोंडातून नाही, तिथून. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. अनाउन्सरांनी ते एकदाच लावलं, स्वतःचं बोलणं ऐकलं, आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं. डब्यात मुंगळा अडकलाय, असं काहीसं ते ओठांनी म्हणाले होते. तेव्हापासून बाई त्यांचे ओठ वाचत. बाकी कारभार टिचकीवर चाले: खुर्चीच्या हातावर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

भोकावर जाळीचा रुमाल असे आणि त्यावर मफलर. भर उन्हाळ्यातही मफलर. आणि घराबाहेर पाऊल नाही. दवाखान्यात जायचं तर दारापाशी गाडी बोलवायची आणि जिन्यात कोणी नाही ना ते बाईंनी आधी बघून यायचं. दीड वर्ष झालं या गोष्टीला. डॉक्टर म्हणत, त्यांना बाहेर काढा, चालू द्या, नाहीतर माणूस आतल्या आत वाळेल. बाईंनी गोड बोलून पाहिलं, चिडून पाहिलं, एकदा तर भाजी आणायला माणूसच उरू नये म्हणून अंथरुणाला खिळल्याचं नाटकही करून पाहिलं. दोन टिचक्या. त्या दिवशी दोघांनी लोणचं लावून जेवण उरकलं.

टायचं प्रकरण या सगळ्याच्या मध्ये अचानक उपटलं. बाई कापडाच्या मोठ्या दुकानात पडद्यांच्या विभागात. इतकी वर्षं, की दुकानात त्यांना कोणी वेगळ्या नावाने हाक मारीतच नसे. खिडकीचं माप न घेता नुसतं गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघून त्या पडद्याचा रंग सांगत. पण लोकांनी पडदे घेणं कमी केलं आणि एका सकाळी मॅनेजरांनी बाईंना बोलावून सांगितलं की पडदे विभाग बंद होतोय. टायच्या काउंटरवरचे मास्तर महिनाअखेरीस निवृत्त होतायत, ती जागा घ्या. नाहीतर तळघरात बांधाबांधीचं काम आहे. टाय बांधता येतो ना, असंही त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, येतो की. आयुष्यात त्यांनी टायला हात लावला होता तो फक्त धुळीचं फडकं मारताना.

मॅनेजर म्हणाले, छान, मग महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुकानात एक कार्यक्रम ठेवू. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही वेगवेगळ्या गाठी बांधून दाखवा. बाईंनी मान डोलावली आणि तडक टायचा काउंटर गाठला.

काउंटरवरच्या मास्तरांना सगळे गाठमास्तर म्हणत. बारीक, ताठ, केसाला तेल, आणि सगळी हयात दुसऱ्यांच्या गळ्याशी गेल्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत न बघता हनुवटीखाली बघून बोलायची सवय. बाईंनी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. मास्तर रागावले नाहीत. उलट इतक्या वर्षांत कोणी शिकवा म्हणून आलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना उकळ्या फुटायला लागल्या. त्यांनी दुकानातला एक पुतळा ओढत आणला आणि चार गाठी बांधून दाखवल्या. इंग्रजी नावं लांबलचक होती. मास्तरांनी घरगुती नावं ठेवली होती. पहिली ‘तिरपी’, सडपातळ, जराशी एका बाजूला झुकणारी, सगळ्यांत सोपी. दुसरी ‘मधली’. तिसरी ‘उलटी’, कारण ती बांधताना टायची शिवण बाहेर ठेवून सुरुवात करायची. आणि चौथी ‘पैलवान’. दोन्ही बाजूंनी वेढे, मध्ये रुंद भरदार त्रिकोण.

“आणि एक लक्षात ठेवा,” मास्तर पुतळ्याच्या हनुवटीला म्हणाले. “आधी बटणं लावायची. सगळी. मग गाठीला हात लावायचा. बटण उघडं ठेवून टाय म्हणजे दार सताड उघडं ठेवून कडीला कुलूप.”

बाई नादावल्या. पडद्याला चुण्या घालणारे हात. कापड कसं वळतं, कुठे अडतं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. पण टाय ही चीज पडद्याहून भलती नखरेल. एक वेढा इकडचा तिकडे झाला की मागचं टोक पुढच्यापेक्षा लांब, आणि गाठीचं तोंड फुगून बसलेलं. ‘तिरपी’ पहिल्यांदा बरोबर जमली तेव्हा त्या काउंटरमागे चक्क एक गिरकी घेऊन उभ्या राहिल्या आणि बघणाऱ्या गिऱ्हाइकाने घाईघाईने मोजे मागितले. रस्त्याने जाताना त्या आता पुरुषांच्या गळ्यांकडे बघू लागल्या. हा तिरपीवाला. हा मधलीवाला. याची बायकोने बांधलीय, हा स्वतः कधी बांधणार नाही. बसमध्ये एका सभ्य गृहस्थाने त्यांच्या टक लावून बघण्याला भिऊन शेवटी कोट गळ्यापर्यंत बंद करून घेतला.

घरी पंख्याने इमानेइतबारे साथ दिली. पण पंखा काही बोलत नव्हता, आणि तसं म्हटलं तर नवराही बोलत नव्हता, तरी फरक होता. एक दिवस बाई ‘मधली’ बांधताना सारख्या अडखळत होत्या. तिसऱ्यांदा चुकल्या तेव्हा मागून टिचक्या आल्या. दोन. बाई वळल्या. अनाउन्सर पेपर खाली ठेवून हाताने दाखवत होते: वरून नाही, खालून. पेपर वाचत बसल्याचं सोंग करून हा गृहस्थ रोजचा धडा गिरवत होता तर.

“एवढं कळतंय तर या ना इकडे,” बाई म्हणाल्या. “पंखा तरी किती सोसेल?”

त्या थट्टेनेच म्हणाल्या होत्या. अनाउन्सरांनी पेपरची नीट घडी घातली. मग एक टिचकी वाजली.

पहिले काही दिवस टाय मफलरवरून बांधायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे बाईंनी मफलरला हात घातला तेव्हा त्यांनी मनगट धरलं, म्हणून ठरलं. लोकरीच्या जाडजूड गळपट्ट्यावर रेशमी टाय हे ध्यान बघण्यासारखं होतं. बाई दुकानातून उरलेसुरले, डाग पडलेले टाय घरी आणत आणि चहा झाला की दोघे खिडकीपाशी उभे राहत. खिडकी नऊ वर्षं जुन्या, बाईंनीच शिवलेल्या पडद्याआड. समोरासमोर, हातभर अंतरावर. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नवराबायकोंना एवढ्या जवळ उभं राहायचं काही कारण उरत नाही. दीड वर्षात तर बाई त्यांच्या गळ्याजवळ जात ते कापूस आणि औषधाची बाटली घेऊनच. आता त्या टाय घेऊन जात होत्या. हात चालत, तोंड चाले. दिवसभरातली गिऱ्हाइकं, मॅनेजरांचा नवा बूट, मास्तरांचं हनुवटीशी बोलणं. अनाउन्सर ऐकत आणि खाली त्यांच्या बोटांकडे बघत. कधी चूक झाली की बाईंच्या खांद्यावरच दोन टिचक्या वाजत. चौथ्या गाठीला पोचेपर्यंत बाईंना कळून चुकलं की आपण दुपारपासून घड्याळाकडे बघतो, ते दुकानातून सुटण्यासाठी नाही, इथे या पडद्याशी येऊन उभं राहण्यासाठी. या वयात हे असं वाटावं याची त्यांना लाज वाटली आणि त्यांनी ती वाटू दिली.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी मनातलं बोलून टाकलं.

“रविवारी चला ना माझ्याबरोबर. मागच्या रांगेत बसा. कोणी विचारणार नाही तुम्हाला काही.”

दोन टिचक्या.

“मफलर ठेवा हवं तर.”

अनाउन्सरांनी मान हलवली आणि ओठांनी म्हणाले, “उन्हाळ्यात मफलर. लोक तेच बघतात.”

बाईंच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. मफलरच्या जागी टाय आला तर? टायकडे कोण वळून बघतं? आणि ‘पैलवान’सारखी भरभक्कम गाठ असली, तर तिच्यामागे काय दडलंय ते कोणाच्या बापाला कळणार नाही. बाईंना हे इतकं पटलं की त्या रात्रीचं जेवण त्यांनी उभ्याउभ्याच वाढलं.

शुक्रवारी त्यांनी मफलर काढायला लावला. खूप विनवण्या केल्या. इस्त्रीचा शर्ट घातला. अनाउन्सर वाळले होते, कॉलर गळ्याभोवती ढगळ होती. बाईंनी आधी बटणं लावली. सगळी. मास्तरांनी सांगितलं होतं तसं. मग दुकानातला सगळ्यांत जाड, दणकट टाय काढला आणि ‘पैलवान’ बांधायला घेतली. एका बाजूचा वेढा, दुसऱ्या बाजूचा वेढा, समोरून पट्टी, खालून वर, आणि आत. आयुष्यात पहिल्यांदा ती चुकली नाही. बाईंनी श्वास रोखून गाठ वर सरकवली, चिमटीने दाबून बसवली आणि दोन पावलं मागे गेल्या. काय दिसत होती! सरळ, भरदार, दोन्ही बाजूंनी सारखी. “अहो, जमली,” त्या म्हणाल्या. “आरशात बघा तरी.” अनाउन्सरांनी मांडीवर हात आपटला. पुन्हा आपटला. बाई हसल्या. त्यांना वाटलं, शाबासकी देतायत.

मग बाईंनी त्यांचा चेहरा बघितला.

गाठ सोडायला वेळ लागला, कारण पैलवान चांगली बांधली होती. बाईंची बोटं एकमेकांत अडकत होती. शेवटी अनाउन्सरांनीच कॉलर धरून ओढली, बटणं तुटून उडाली, आणि त्या भोकातून हवा आत शिरतानाचा तो शिट्टीसारखा आवाज झाला. मग खोकला. बाईंनी पाठीवर हात फिरवला, रुमाल दिला, पाणी दिलं, ते विसरून पुन्हा पाणी दिलं. रोज सकाळ-संध्याकाळ ती जागा त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली होती, ऑपरेशननंतर झोपेतही त्यांचे कान त्या श्वासावर असत, आणि एका फडतूस गाठीच्या नादात त्या भोकावर त्यांनीच बूच बसवलं होतं. त्या जमिनीवर बसून रडल्या.

अनाउन्सरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. “राहू दे,” ते ओठांनी म्हणाले. मग उठले आणि मफलर गुंडाळून घेतला. पंख्यावरचा शर्टही त्यांनी काढून घडी करून ठेवला.

शनिवारी बाई दुकानात गेल्या त्या ओझं ओढत. उद्याच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या लागल्या होत्या, मॅनेजर फुगे लावावेत की नाही यावर दोन्ही बाजूंनी वाद घालत होते. मास्तरांनी बाईंची परीक्षा घेतली. चारही गाठी बरोबर आल्या. मास्तर खूश झाले आणि मग त्यांच्या हनुवटीकडे बघत म्हणाले की काहीतरी बिनसलंय. बाई म्हणाल्या, काही नाही. त्यांना फक्त घरी जायचं नव्हतं. संध्याकाळी त्या खिडकीपाशी आता काय करणार होतो आपण?

दार उघडलं तेव्हा आत दिवा लागलेला होता. अनाउन्सर कपाटाच्या आरशासमोर उभे होते आणि पलंगावर सगळे टाय सोडलेले, चुरगळलेले पडले होते. अख्खा दिवस त्यांनी याच उद्योगात घालवला असणार. ते वळले. बाई दारातच थांबल्या.

पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. ढगळ कॉलर गळ्याला कुठे टोचत नव्हती. निळा, पातळ, रेशमी टाय आणि ‘तिरपी’ गाठ, चिंचोळी, हलकी, वर कॉलरपाशी बसवलेली. तिच्याखाली टाय सरळ लोंबत होता. मफलर नव्हता. आणि अनाउन्सर सहज श्वास घेत होते.

“कसं काय?” बाईंनी विचारलं.

त्यांनी दोन बोटांनी टायची पट्टी बाजूला केली. मागे दुसरं बटण उघडं होतं. शर्टाची फट बरोबर भोकापाशी, जाळीचा रुमाल आत, आणि वरून टाय. हवा दोन्ही कडांनी आत जात होती. समोरून बघणाऱ्याला काही म्हणता काही दिसत नव्हतं. त्यांनी पट्टी पुन्हा सोडली आणि एखाद्या पोराने शाळेतलं चित्र दाखवून उभं राहावं तसे उभे राहिले.

बाई जवळ गेल्या आणि मग त्यांना हसू फुटलं. गाठ भलत्याच बाजूला झुकली होती. अनाउन्सर इतके दिवस समोर उभे राहून बाईंचे हात बघत शिकले होते. बाईंचा उजवा हात जे करी ते त्यांनी आपल्या उजव्या हाताने केलं, आणि सगळा मामला डावीकडचा उजवीकडे होऊन बसला. बाईंनी सरळ करायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.

“उद्या किती वाजता निघायचं?” अनाउन्सर ओठांनी म्हणाले.

रविवारी ते दोघे बसने गेले. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, त्यांनी “अरे वा, टाय!” म्हटलं आणि पुढे गेल्या. टाय. दुसरं काही नाही. बाईंना तिथल्या तिथे त्यांचे पाय धरावेसे वाटले. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि अनाउन्सर सगळा वेळ काचेला नाक लावून बाहेर बघत होते. कुठे नवं दुकान झालं, कुठे झाड कापलं, ते बोटाने दाखवत होते. बाई नुसत्या हो-हो करत होत्या. त्यांना रस्ता दिसतच नव्हता.

दुकानात खुर्च्या भरल्या होत्या, अर्ध्या खरेदीला आलेल्यांनी आणि अर्ध्या पाय दुखणाऱ्यांनी. फुगे होते. मास्तरांनी अनाउन्सरांना नमस्कार केला आणि सवयीने नजर गळ्याकडे गेली. बाई दोघांच्या मध्ये सरकल्या.

“गाठ उलट्या बाजूला आहे,” मास्तर म्हणाले. “डावखुरे का?”

बाईंनी सांगितलं, माझ्याकडे बघून शिकलेत. मास्तरांनी थोडा विचार केला. “असू दे. सुटत तर नाही ना?” आणि त्यांना मागच्या रांगेत खुर्ची दिली.

बाई सुटल्या त्या सुटल्याच. ‘तिरपी’, ‘मधली’, ‘उलटी’. हात चालत होते, तोंड चालत होतं, लोक हसत होते. ‘पैलवान’च्या वेळी गाठ आवळताना पुतळ्याचं डोकं निखळून त्यांच्या हातात आलं. बाईंनी ते काखेत धरलं आणि म्हणाल्या, “गिऱ्हाइकांनी काळजी करू नये. तुमचं डोकं तुम्हाला पावतीसकट परत मिळेल.” मॅनेजरांनी टाळ्या वाजवल्या. सगळं असं छान चाललेलं असताना पुढच्या रांगेतला एक गोल गरगरीत गिऱ्हाईक उभा राहिला. त्याच्या हातात नवा टाय होता.

“बाई, हे सगळं ठीक,” तो म्हणाला. “पण तुम्ही बांधताय पुतळ्याच्या गळ्यात. मला बांधायचाय माझ्या गळ्यात. आमच्या ऑफिसात उद्यापासून सक्ती आहे. स्वतःच्या गळ्यात बांधून दाखवा की.”

बाईंनी हसत टाय स्वतःच्या गळ्यात टाकला. रुंद टोक हातात घेतलं. आणि त्यांना काही सुचेना. पंख्याच्या, पुतळ्याच्या, नवऱ्याच्या गळ्यात त्यांनी शेकड्याने गाठी मारल्या होत्या. स्वतःच्या कधीच नाही. सगळं उलटं झालं होतं. खाली बघावं तर हनुवटी आड येत होती. त्यांनी एक वेढा घेतला, तो चुकला. दुसरा घेतला, तोही. खुर्च्या वाजल्या. मॅनेजरांचं हसू चेहऱ्यावरच थिजलं. मास्तर पुढे यायला निघाले.

त्यांच्याआधी मागच्या रांगेतून अनाउन्सर उठले.

ते मधल्या वाटेने सरळ पुढे आले. दीड वर्षं जिन्यातल्या पावलांना भिणारा माणूस चाळीसेक लोकांमधून चालत आला, त्या गोल गिऱ्हाइकासमोर उभा राहिला, आणि त्याने आपल्या टायची गाठ धरून खाली ओढली. बाईंच्या तोंडात ‘अहो, नको’ आलं होतं. त्यांनी ते गिळलं. टाय सुटला. शर्टाची फट उघडी पडली, आतला जाळीचा रुमाल दिसला, श्वासाबरोबर आत ओढला जाऊन पुन्हा बाहेर येणारा. पहिल्या रांगेतल्या एका बाईने पटकन दुसरीकडे पाहिलं. गोल गिऱ्हाइकाची नजर तिथे गेली, क्षणभर अडकली.

अनाउन्सरांनी त्याच्यासमोर चुटकी वाजवली. हाताकडे बघ.

मग त्यांनी रुंद टोक बारीक टोकावर टाकलं आणि थांबले. बाईंकडे पाहिलं. बाईंना कळायला एक क्षण लागला. नंतर त्यांनी घसा साफ केला.

“रुंद टोक वरून,” त्या म्हणाल्या. आवाज पहिल्या रांगेपाशीच थांबला, म्हणून पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने, पार मागच्या भिंतीपर्यंत जाईल असा. “रुंद टोक वरून. आता मागून. घाई करू नका, गाडी सुटत नाहीये. पुन्हा वरून. आता गळ्याशी खालून वर काढा. आणि पुढच्या वेढ्यातून खाली.”

हात त्यांचे चालत होते, बोलत होत्या बाई. गोल गिऱ्हाईक जीभ दाताखाली धरून समोरच्या हातांबरोबर आपले हात हलवत होता. मागे आणखी दोघातिघांनी टाय काढले. मास्तरांनी एकाला हळूच कोपराने दाबून चूक दाखवली. गोल गिऱ्हाइकाची गाठ बसली, तेव्हा त्याने ती चाचपून पाहिली आणि अनाउन्सरांकडे बघून म्हणाला, “साहेब, एकदा अजून?”

अनाउन्सरांनी काउंटरवर एक टिचकी मारली आणि गाठ पुन्हा सोडली.

दुसऱ्यांदा त्यांनी जास्तच सावकाश बांधली. ती वर कॉलरपाशी बसवली, पट्टी सोडली, आणि हात पाठीमागे बांधून, पूर्वी रजेच्या दिवशी घराच्या दाराशी उभे राहत तसे, काउंटरला टेकून उभे राहिले. लोक आता आपापल्या गळ्यांशी झटत होते, त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. बाई बघत होत्या. निळ्या टायचं टोक हळूच छातीपासून पुढे येत होतं आणि परत टेकत होतं. पुढे येत होतं आणि परत टेकत होतं.